किमान पायरी

दिवाळी सरली की दौंड आणि शिरूर तालुक्यांच्या रस्त्यांवर ऊसतोड मजुरांच्या गाड्या दिसू लागतात. बीड-जालन्याकडून निघालेली कुटुंबे भीमा आणि घोड नद्यांच्या काठच्या फडांत येऊन थांबतात, शेताच्या कडेला कोपी उभी राहते आणि पहाटेच्या अंधारातच कोयता चालू लागतो. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांच्या चुलाणांपुढे उत्तर प्रदेशातून आलेले मजूर उभे असतात. कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत आणि रांजणगावला महागणपतीच्या सान्निध्यात विस्तारलेली औद्योगिक वसाहत आहे. अवघ्या दोन तालुक्यांत देशाच्या श्रमजीवनाचे सगळे स्तर एकत्र पाहायला मिळतात. या सर्वांच्या पायाखाली कायद्याची एकच किमान पायरी आहे काय, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारीत नाही.

तो आता विचारला पाहिजे. केंद्र सरकारने २९ कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. त्यांतील वेतन संहितेने एक मूलभूत बदल केला. १९४८ चा किमान वेतन कायदा केवळ अनुसूचित रोजगारांना लागू होता आणि ती अनुसूची राज्याराज्यांत वेगळी होती. १९९६ मध्ये राष्ट्रीय तळवेतनाचा आकडा प्रथम जाहीर झाला, तो दिवसाला ३५ रुपये. २०१७ मध्ये तो १७६ रुपयांवर आला. परंतु त्याच्यामागे कायद्याचे बळ नव्हते, म्हणून तो पाळावा अशी सक्ती कोणत्याही राज्यावर नव्हती. नव्या संहितेच्या नवव्या कलमाने तळवेतनाला कायद्याचा आधार दिला. कोणत्याही राज्याला त्याखाली किमान वेतन ठरवता येणार नाही, आणि ज्या राज्याचे वेतन आधीच अधिक आहे त्याला ते कमीही करता येणार नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो. श्रम हा विषय समवर्ती सूचीत आहे. बिहारचे जीवनमान आणि महाराष्ट्राचे जीवनमान वेगळे. मग दिल्लीने सर्वांसाठी एक रेषा का आखावी? या आक्षेपाला युरोपचा अनुभव उत्तर देतो. तेथे तर सार्वभौम राष्ट्रांचा प्रश्न होता. २५ मार्च १९५७ रोजी सहा देशांनी रोमचा करार केला, तेव्हा त्याच्या ११९ व्या कलमात स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व घालण्यात आले. त्यामागे केवळ उदात्त भावना नव्हती. फ्रान्समध्ये समान वेतनाचा कायदा आधीपासून होता आणि शेजारचे देश स्त्रियांना कमी मजुरी देऊन आपल्या उद्योगांना मागे टाकतील, ही फ्रान्सची चिंता होती. बाजारपेठ एक करायची असेल तर श्रमिकाला स्वस्त करून जिंकण्याची वाट आधी बंद केली पाहिजे, हे व्यवहारी शहाणपण त्या कलमात होते.

पुढे युरोपने हीच पद्धत रूढ केली. १९८६ च्या एकल युरोपीय कायद्याने कामगारांच्या सुरक्षिततेसाठी ‘किमान आवश्यकता’ ठरवण्याचा मार्ग खुला केला. १९८९ मध्ये सुरक्षिततेचा आणि १९९३ मध्ये कामाच्या तासांचा निर्देश आला. आठवड्याला सरासरी ४८ तासांची कमाल मर्यादा, चोवीस तासांत सलग ११ तासांची विश्रांती, वर्षाला चार आठवडे भरपगारी रजा ही सर्वांसाठीची पायरी ठरली. त्याहून अधिक देण्यास प्रत्येक देश मोकळा राहिला. ही रचना नीट समजून घेतली पाहिजे. जर्मनी आणि बल्गेरिया यांचे वेतन एक करण्याचा अट्टहास तेथे कोणी केला नाही. २०२२ चा किमान वेतनाचा निर्देशही समान रक्कम सांगत नाही. वेतन पुरेसे आहे की नाही हे पाहण्यासाठी देशातील मध्यक वेतनाच्या ६० टक्के अशी कसोटी तो सुचवतो. डेन्मार्कने त्याला न्यायालयात आव्हान दिले. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने त्यातील दोन तरतुदी रद्द केल्या, पण निर्देशाचा मुख्य भाग कायम ठेवला.

जेथे पायरी कच्ची राहिली, तेथे युरोपलाही ठेच लागली. स्वीडनमधील वॅक्सहोम येथे लाटव्हियाची एक कंपनी आपले मजूर आणून शाळेचे बांधकाम करीत होती. स्वीडिश संघटनांनी काम अडवले, आणि डिसेंबर २००७ मध्ये न्यायालयाचा निकाल त्या संघटनांच्या विरोधात गेला. कामगार विरुद्ध कामगार असे चित्र उभे राहिले. अखेर २०१८ मध्ये नियम सुधारावे लागले आणि बाहेरून पाठवलेल्या कामगारालाही स्थानिक कामगाराच्या बरोबरीचा मोबदला देणे बंधनकारक झाले.

हे चित्र आपल्याला अपरिचित नाही. परप्रांतीय मजूर स्वस्तात मिळतो म्हणून ठेकेदार त्याला पसंती देतो, अशी तक्रार औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या गावांतून तरुण करतात. तक्रारीत तथ्य असेल, पण रोख चुकतो. बिहारहून आलेला तरुणही याच मातेचा पुत्र आहे. त्याला कमी दरात राबवता येणार नाही अशी व्यवस्था झाली, तर स्थानिक तरुणावरील अन्यायही आपोआप दूर होईल. दोघांचे हित एकाच पायरीत आहे.

राज्यांच्या स्पर्धेचा धोकाही आपण पाहिला आहे. मे २०२० मध्ये, महामारीच्या ऐन संकटात, उत्तर प्रदेशाने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षे स्थगित करणारा अध्यादेश मंजूर केला. गुजरातने कारखान्यांचे तास वाढवून जादा कामाचा दुप्पट मोबदला काढून घेतला; सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती अधिसूचना रद्द केली. ही सरकारे कोणत्या पक्षाची आहेत याचा विचार न करता भारतीय मजदूर संघ त्यावेळी रस्त्यावर उतरला होता, याची येथे नोंद केली पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही कारखान्यांतील दैनंदिन तासांची मर्यादा ९ वरून १२ करण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे हे खरे. पण पुण्याहून कंपनीच्या बसने रांजणगावला जाणाऱ्या कामगाराचा जाण्या-येण्याचा वेळ त्या बारा तासांत मिळवून पाहिला, तर विश्रांतीचे अकरा तास कोठे उरतात?

म्हणून संहितांचे स्वागत करतानाच तीन गोष्टी निक्षून सांगितल्या पाहिजेत. पहिली, तळवेतनाचा आकडा खरा असावा. केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्येच दिवसाला ३७५ रुपये सुचवले होते. महागाईचा विचार न करता ठरवलेली रेषा कोणाचेही रक्षण करणार नाही. दुसरी, ही पायरी लहान ठिकाणीही पोहोचली पाहिजे. वेतन संहिता सर्वांना लागू आहे. परंतु सुरक्षिततेच्या संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहाऐवजी वीस कामगारांवर गेली, कंत्राटी कामगारांसाठीची संख्या विसावरून पन्नासवर गेली आणि आंतरराज्य स्थलांतरितांसाठीची पाचावरून दहावर. चरकात हात जाण्याचा धोका कामगारांची संख्या मोजून येत नाही.

तिसरी गोष्ट ऊसतोड मजुरांची. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडचा मजूर बेळगावला गेला तर तो कागदावर संरक्षित, आणि दौंडला आला तर नाही! जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, हे चांगलेच झाले. पण दर टनावर, उचल मुकादमाच्या हातून आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. या हिशेबात त्या बाईच्या हातात तिची स्वतःची मजुरी कधी पडते? रोमच्या कराराने १९५७ मध्ये जे तत्त्व मान्य केले, ते आपल्याकडे १९७६ पासून कायद्यात आहे. फडात मात्र ते अजून उतरलेले नाही. राज्याने २०१९ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले आहे. प्रत्येक मजुराची, स्त्रीची स्वतंत्रपणे, नोंद आणि तिच्या वाट्याची रक्कम थेट तिच्या खात्यात, एवढे तरी या महामंडळाने आणि कारखान्यांनी मिळून घडवून आणावे.

पंडित दीनदयाळजींनी अंत्योदयाचा विचार दिला. रांगेतील शेवटच्या माणसापासून मोजमाप सुरू करावे, हा त्याचा अर्थ. देशाचा कामगार कायदा किती प्रगत झाला याची परीक्षा त्यामुळे रांजणगावच्या वातानुकूलित कार्यालयात घेऊ नये. ती भीमेकाठच्या फडात, कोपीच्या दाराशी घ्यावी. एकसंध राष्ट्राची पायरी तेथपर्यंत पोहोचली, तरच ती खरी.