सराट्याचे काटे आणि पौरुषाचा बाजार

कोरडवाहू शेतात अनवाणी राबणाऱ्याला सराट्याची ओळख करून द्यावी लागत नाही. जमिनीलगत पसरणाऱ्या या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीचे काटेरी फळ टाचेत मोडते आणि सायकलच्या चाकातली हवा घालवते. यालाच गोखरू म्हणतात. बांधावर ज्याला कोणी हात लावीत नाही, तेच फळ अर्काच्या रूपाने कॅप्सुलांत भरून आज तालुक्याच्या गावी हजार-हजार रुपयांना विकले जाते. डबीवर फुगलेल्या दंडाचे चित्र आणि 'टेस्टोस्टेरॉन वाढवा' अशी इंग्रजी आरोळी असते. घेणारा कोण? पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारा आणि दिवसभर दुचाकीवरून दुसऱ्यांची जेवणे पोचवणारा तरुण.

या व्यापाराविरुद्ध ब्र काढला की पहिला आक्षेप येतो तो परंपरेचा. आयुर्वेदाची निंदा करता काय, असे विचारले जाते. आयुर्वेदात गोक्षुराचा उपयोग प्रामुख्याने मूत्रविकारांवर सांगितला आहे. वाजीकर द्रव्यांतही त्याची गणना होते, हे कोणी नाकारीत नाही. पण टेस्टोस्टेरॉन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले ते १९३५ मध्ये, ॲमस्टरडॅम येथे. त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयार झाले आणि या क्षेत्रातील कामासाठी बुटेनान्ट व रुझिका यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चरकाच्या तोंडी टेस्टोस्टेरॉन घालणे म्हणजे पेशवे दप्तरात विजेचे बिल शोधण्यासारखे आहे.

मग ही कीर्ती आली कोठून? ती आली बल्गेरियातून, अमेरिकेच्या वाटेने. १९८० च्या दशकात बल्गेरियन भारोत्तोलक पदकांमागून पदके जिंकीत होते आणि त्यांच्या बळाचे रहस्य गोखरूच्या गोळ्यांत आहे, असा गवगवा झाला. रहस्य काय होते ते लौकरच दिसले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन सुवर्णपदक विजेत्यांच्या लघवीत फ्युरोसेमाइड हे निषिद्ध औषध सापडले आणि उरलेला संघ गाशा गुंडाळून परतला. २००० मध्ये सिडनीला पुन्हा तोच प्रकार घडला. २०१५ मध्ये तर ११ बल्गेरियन खेळाडूंच्या तपासणीत स्टॅनोझोलोल हे कृत्रिम स्टेरॉइड आढळले आणि त्या देशाच्या भारोत्तोलकांना रिओचे दार बंद झाले. समाजवादी म्हणवणाऱ्या एका राजवटीने खेळाडूंच्या शरीराची जी हेळसांड केली, तिची जाहिरात मात्र भांडवलशाही बाजाराने आनंदाने उचलली!

गोखरूची परीक्षा झालीच नाही असेही नाही. २००५ मध्ये खुद्द बल्गेरियातील दोन संशोधकांनी २१ तरुणांवर चार आठवडे प्रयोग केला. टेस्टोस्टेरॉनमध्ये फरक पडला नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील रग्बी खेळाडूंना पाच आठवडे हाच अर्क देण्यात आला. निव्वळ व्यायाम करणाऱ्या सहकाऱ्यांहून त्यांचे बळ अधिक वाढले नाही. अश्वगंधेची गोष्ट थोडी निराळी आहे. काही लहान प्रयोगांत तिच्या सेवनाने टेस्टोस्टेरॉन व ताकद यांत वाढ नोंदली गेली आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण अशा संशोधनाचा खर्च पुष्कळदा अर्क विकणाऱ्यांनीच सोसलेला असतो. गिरणीमालकाच्या खर्चाने झालेली कामगारांच्या आरोग्याची पाहणी चळवळीने कधी डोळे मिटून स्वीकारली होती काय? शिवाय अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

'संप्रेरकांचे संतुलन' हा या विक्रेत्यांचा लाडका शब्दप्रयोग. संतुलन ही वस्तू डबीत भरता येत नाही, कारण ते शरीर स्वतःच राखीत असते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना संदेश देते. रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढले की तोच संदेश मंदावतो. निरोगी तरुणात हे प्रमाण सकाळी अधिक आणि संध्याकाळी कमी असते. दिवसागणिकही ते हलते. त्या हेलकाव्याएवढी वाढ औषधाने झाली, तरी तिने दंड फुगत नाहीत. स्नायू फुगतात ते नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वर गेल्यावर. १९९६ मध्ये अमेरिकेत डॉ. शलेंदर भसीन यांनी ४३ पुरुषांवर केलेल्या प्रयोगात आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचले, तेव्हा व्यायाम न करणाऱ्यांचेही स्नायू वाढले. म्हणजे परिणाम करते ती सुई. आणि बाहेरून सुई मिळाली की शरीर आपला कारखाना बंद करते, शुक्रजंतू घटतात आणि वृषणे आक्रसतात. वनस्पतीची डबी निरुपयोगी ठरली की 'आता खरे औषध घे' असे सुचवणारा कोणीतरी व्यायामशाळेत भेटतोच. डबी ही पुष्कळदा त्या सुईची पहिली पायरी असते.

कधी ती सुई डबीतच लपलेली असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात ७७६ पूरक पदार्थांत न सांगितलेली औषधे मिसळलेली असल्याची नोंद केली. त्यांतील बहुतेक कामोत्तेजक व वजन घटवणारे होते, परंतु सुमारे १२ टक्के स्नायू वाढवणारे होते. तेथे १९९४ च्या कायद्याने गुण सिद्ध न करता असे पदार्थ विकण्याची मुभा आहे. येथे पदार्थाला एक तर अन्न म्हणावे किंवा आयुर्वेदिक औषध. ग्रंथोक्त घटक दाखवले की पुराव्याची अट पुष्कळ सैल होते. कामशक्ती वाढवण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मनाई आहे, म्हणून जाहिरातदार 'जोश' आणि 'दम' लिहितात. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीपूर्वी राज्याची संमती घ्यावी, असा नियम २०१८ मध्ये झाला होता. २०२४ मध्ये केंद्र सरकारने तोच वगळण्याची अधिसूचना काढली. सर्वोच्च न्यायालयाने तिला दिलेली स्थगितीही २०२५ मध्ये उठली. स्वदेशीचा जयघोष करणाऱ्या सरकारला देशी तरुणाच्या यकृतापेक्षा देशी उत्पादकाचा गल्ला अधिक प्रिय असावा.

हिशेबही मांडून पाहावा. सात रुपयांना अंडे धरले तर हजार रुपयांत सुमारे १४० अंडी येतात. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन धरले तरी ८४० ग्रॅम होते. चणे-शेंगदाणे घेतले तर त्याहून अधिक. या साध्या गणितात फारसा नफा नाही म्हणून त्याची जाहिरात होत नाही. जाहिरात होते ती भीतीची. नोकरी नाही, लग्न जमत नाही, म्हणजे पुरुषार्थच कमी, असे बेकार तरुणाच्या मनावर बिंबवले जाते. रोजगाराचा प्रश्न रक्ताच्या तपासणीत बुडवण्याची ही युक्ती व्यवस्थेला सोयीची आहे.

आणि पक्षाने काय केले? १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल उभे राहिले तेव्हा कवायत आणि खेळ हे शाखेच्या कामाचे अंग होते. पुढे पुरोगाम्यांनी शरीराचा विषय क्षुल्लक मानून मैदान सोडले. ते अर्धे धर्माच्या ठेकेदारांनी आणि अर्धे डबीवाल्यांनी व्यापले. कार्यकर्त्यांच्या वस्तीतील कबड्डी स्पर्धांच्या कमानीवर या डबीवाल्यांची नावे झळकतात, तेव्हा वर्गणी कोठून आली हे विचारायला कोणी धजत नाही. १९५४ चा कायदा अजून शिल्लक आहे आणि पहिल्या गुन्ह्यालाही त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अशा कमानीचे छायाचित्र काढून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कचेरीत लेखी तक्रार देणे आणि पोच घेणे, एवढे तर कोणतीही शाखा करू शकते.