सर्व भूमींवर, पण डांबरावर नाही



मुंबई-गोवा महामार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या मध्ये कासू हे गाव आहे. तेथून वडखळला जाऊन अलिबागचा रस्ता धरला, की पुढे नागाव, काशीद यांसारखे किनारे लागतात. सुट्टीच्या दिवसांत या किनाऱ्यांवर घोडागाडीच्या जोडीला फुगीर टायरांची, मोटारसायकलीसारख्या हँडलची चारचाकी वाहने धावताना दिसतात. त्यांना ‘ऑल-टेरेन व्हेइकल’, थोडक्यात ‘एटीव्ही’ म्हणतात. या नावाचा अर्थ ‘सर्व प्रकारच्या भूमीवर चालणारे वाहन’ असा होतो.

शाळकरी मुले त्यावर बसतात, कधी दोघे-दोघे बसतात. पालकही निर्धास्त असतात, कारण ‘चार चाके आहेत, पडणार कुठे?’ असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा आहे आणि तो दूर करण्याचे काम विज्ञानाच्या तासाला व्हावे, असे माझे मत आहे. या वाहनाचे ज्या रचनेमुळे वाळूवर चालते, त्याच रचनेमुळे ते कठीण जमिनीवर धोक्याचे ठरते. कसे ते पाहू.

नवशिक्यांसाठी असलेल्या खेळाच्या एटीव्हीत साधारणपणे २५० घनसेंटिमीटरच्या आतले, एकाच सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन असते. इंजिनाची शक्ती साखळीने मागच्या आसाला मिळते. वेग वाढवण्यासाठी मूठ पिळायची नसते, तर अंगठ्याने एक लहान खटका दाबायचा असतो. चालकाला सतत अंग हलवावे लागते, आणि पिळायची मूठ असती तर त्या ओढाताणीत वेग नकळत वाढला असता.

प्रथम टायर पाहा. मोटारसायकलच्या टायरात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोग्रॅम इतक्या दाबाची हवा असते. एटीव्हीच्या टायरात हाच दाब जेमतेम ०.२८ असतो. वाहन १७० किलोग्रॅमचे आणि चालक ६० किलोग्रॅमचा, असा एकूण भार २३० किलोग्रॅम धरा. भाराला दाबाने भागले, की टायर जमिनीला किती क्षेत्रफळावर टेकतात ते ढोबळमानाने कळते. येथे ते ८२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक चाकाखाली सुमारे २०५ येते. १८० किलोग्रॅम भाराच्या मोटारसायकलला हेच क्षेत्रफळ दोन्ही चाके मिळून ९० चौरस सेंटिमीटर पुरते. भातलावणीच्या दिवसांत शेतात उतरलेली मोटारसायकल चिखलात का रुतते, आणि अनवाणी माणूस मात्र चालू शकतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. एटीव्ही जमिनीवर जवळजवळ माणसाच्या पावलाइतकाच दाब देते.

आता मागचा आस. बैलगाडीची दोन चाके आपापली स्वतंत्र फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, ते ते कापते. मोटारगाडीत याच कामासाठी ‘डिफरन्शियल’ नावाची दंतचक्रांची योजना असते. खेळाच्या एटीव्हीत ती नसते. मागची दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात. याला कारण आहे. साधे डिफरन्शियल असेल, तर वाळूत एक चाक निसटले की तेच गरगर फिरत राहते आणि दुसऱ्याला जोर मिळत नाही. एकसंध आस मात्र दोन्ही चाकांना फिरवतोच.

पण याची किंमत वळणावर मोजावी लागते. दोन चाकांमधील अंतर ८० सेंटिमीटर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाचा मार्ग आतल्यापेक्षा सुमारे १.२६ मीटरने लांब होतो. (वर्तुळाच्या परिघाचे सूत्र वापरून हे स्वतः ताडून पाहा. त्रिज्या कोणतीही घेतली तरी फरक तेवढाच येईल!) दोन्ही चाकांना सारखेच फिरणे भाग असल्याने हा सव्वा मीटर कोणत्या तरी चाकाने घसरूनच भरून काढला पाहिजे. वाळू ते घसरणे सहज होऊ देते. डांबर देत नाही. मग हँडल वळवूनही वाहन सरळ जाऊ पाहते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट गुरुत्वमध्याची. चालकासह गुरुत्वमध्य जमिनीपासून ५८ सेंटिमीटर उंच आहे असे धरू. चाकांमधील अंतराचा निम्मा भाग ४० सेंटिमीटर. ४० भागिले ५८ म्हणजे ०.६९. ज्या कोनाचे टॅन ०.६९ तो कोन सुमारे ३५ अंशांचा. तेवढ्या आडव्या उतारावर उभे वाहनही कलंडेल. सपाटीवर ६ मीटर त्रिज्येचे वळण घेताना हीच मर्यादा ताशी केवळ २३ किलोमीटर वेगाला गाठली जाते. हा वेग तर जोराने चालवलेल्या सायकलीचा! सायकलस्वार सायकलीसकट आत झुकतो. एटीव्ही झुकत नाही, म्हणून चालकाने स्वतःचे धड आत झुकवावे लागते.

मग किनाऱ्यावर रोज एटीव्ही का उलटत नाहीत? कारण मोकळ्या वाळूचा घर्षणगुणांक ०.६९ पेक्षा बराच कमी असतो. उलटण्याची वेळ येण्याआधीच वाहन बाजूला घसरते. कोरड्या डांबरावर तो ०.७ ते ०.८ असतो. तेथे घसरण्याआधीच उलटण्याची वेळ येते. वाळूवर घसरते, डांबरावर उलटते, हे या वाहनाचे रहस्य आहे.

‘किनाऱ्यावर डांबर कुठे आहे?’ असे कोणी विचारील. डांबर नाही, पण ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते. मोकळ्या वाळूत आडवे घसरत आलेले वाहन अशा पट्ट्यात किंवा एखाद्या खोल चाकोरीत अडले, तर त्याचे घसरणे एकदम थांबते आणि कलंडणे सुरू होते.

दुसरा माणूस मागे बसला, की गुरुत्वमध्य वर जातो. आपल्या उदाहरणात तो सुमारे ६६ सेंटिमीटरवर येतो आणि मर्यादेचा कोन ३५ वरून ३१ अंशांवर उतरतो. शिवाय तो मागेही सरकतो, त्यामुळे चढावर पुढची चाके उचलण्याची भीती वाढते. चालकाला अंग हलवायला जागा उरत नाही ते वेगळेच.

इतिहासही हेच सांगतो. १९७० मध्ये होंडा कंपनीने अमेरिकेत तीन चाकांचे असे वाहन विकायला काढले. सुझुकीचे चारचाकी वाहन १९८२ मध्ये आले. तीनचाकीच्या अपघातांची संख्या इतकी वाढली, की १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार कंपन्यांनी तिची विक्री थांबवली. चौथ्या चाकाने स्थैर्य वाढले, पण वर काढलेली मर्यादा चारचाकीचीच आहे, हे विसरू नका.

मोठ्या एटीव्हीवर निर्माते सूचना चिकटवतात: १६ वर्षांखालील व्यक्तीने चालवू नये, मागे कोणाला बसवू नये, सार्वजनिक रस्त्यावर नेऊ नये, हेल्मेट घालावे. या सूचना एखाद्या कारकुनाने लिहिलेल्या वाटतात, पण त्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातून आलेल्या आहेत. म्हणून भाड्याने वाहन देणाऱ्यांनी त्या पाळाव्यात आणि तुम्ही हट्ट धरू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

या यंत्राची गोडी ज्यांना लागली असेल, त्यांनी ती जरूर वाढवावी. मध्य प्रदेशात पिथमपूर येथे २००७ मध्ये ‘बाहा एसएई इंडिया’ ही स्पर्धा सुरू झाली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी तीत स्वतः आखलेले आणि बांधलेले खडबडीत जमिनीचे वाहन उतरवतात. त्यात एकच आसन आणि चालकाभोवती नळ्यांचा मजबूत पिंजरा असतो.

तोपर्यंत एक प्रयोग करा. खोक्याला चार चाके लावून ती फिरणार नाहीत अशी चिकटवा आणि खोके फळीवर आडवे ठेवा. ते घसरू नये म्हणून खालच्या चाकांना लागून एक बारीक पट्टी ठोका. फळीचे एक टोक हळूहळू उचला आणि खोके कलंडताच कोनमापकाने कोन मोजा. मग खोक्यावर एक वजन बांधून पुन्हा मोजा, नंतर दोन वजने बांधून मोजा. शिक्षकांनी हा प्रयोग नववीच्या वर्गात अवश्य करून घ्यावा. ज्या मुलाने तो कोन स्वतःच्या हाताने कमी होताना पाहिला आहे, त्याला मागे मित्राला बसवू नकोस असे वेगळे सांगावे लागणार नाही.