बाबा घरीच असतो

सकाळी साडेआठला आई बाहेर पडते. वनाजला मेट्रो धरायची आणि कल्याणीनगरला उतरायचं. पावणेदोन वर्षांची लेक दारापर्यंत जाते, टाटा करते आणि दार लागताच चपलांच्या स्टँडकडे वळते. बाबाची एक चप्पल उचलून स्वयंपाकघरात न्यायची, हा तिचा दिवसातला पहिला उद्योग. बाबा चप्पल जागेवर ठेवतो, स्वतःचे हात धुतो, तिचे धुतो आणि कुकर लावतो. पुण्याच्या कोथरूडमधल्या या घरात वर्षभर हेच चाललं आहे.

निर्णय घेताना फार काथ्याकूट झाला नव्हता. आईची सव्वीस आठवड्यांची रजा संपली होती. एक आजी सांगलीत, दुसरीला आजोबांच्या आजारपणातून सवड नाही. पाळणाघरात ठेवून पाहिलं, तर बाळाची सर्दी-खोकल्यातून सुटका होईना. दोघांत आईचा पगार जास्त होता आणि तिची बढती तोंडावर आली होती, म्हणून बाबानं राजीनामा दिला. नातेवाइकांना मात्र हे सहजी पटलं नाही. नोकरी गेली असणार, असंच बहुतेक जण धरून चालले. एका काकांनी तर मायेपोटी ओळखीच्या ठिकाणी त्याच्यासाठी शब्दही टाकला.

अकराच्या सुमाराला लेकीचं जेवण. मऊ भात, मुगाचं वरण, साजूक तूप, चिमूटभर मेतकूट. तिला कुणी भरवलेलं आता आवडत नाही, चमचा स्वतःच्या हातात हवा असतो. म्हणून चमचे दोन लागतात, एक तिचा आणि एक बाबाचा. ती भात घेते, चमचा तोंडाजवळ येता येता मनगट वळतं आणि भात लाळेऱ्यावर सांडतो. मग ती मान खाली घालून एकेक शीत बोटांनी वेचू लागते. तिचं सगळं लक्ष बोटांकडे असतं, तेवढ्यात बाबा त्याचा चमचा तिच्या ओठांना लावतो आणि तोंड आपसूक उघडतं. पाच-सात घास असे गेले की ती वाटी उलटी करून डोक्यावर ठेवते. जेवण संपलं, असा त्याचा अर्थ. मोबाइल या वेळी दुसऱ्या खोलीत असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन वर्षांनंतरही दिवसाकाठी तासाच्या वर जाऊ नये. पडदा नसला की जेवण लांबतं आणि फरशी दोनदा पुसावी लागते. ते बाबाला चालतं.

दाण्याचा डबा या घरात सगळ्यात वरच्या फळीवर गेला आहे. शेंगदाणे, फुटाणे म्हणजे मराठी घरात जाता-येता तोंडात टाकायची गोष्ट, पण अख्खा दाणा एवढ्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो, असं बालरोगतज्ज्ञ कळकळीनं सांगतात. कूट चालतं. फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर लेकीचं ताजं वजन लिहिलेलं असतं, कारण तापाच्या औषधाचा डोस वजनावरून ठरतो. नखं ती झोपल्यावर कापायची. डोळे चोळत रडली तर झोप आली आहे, कान ओढत रडली तर डॉक्टरांना दाखवायचं. यातलं काहीही बाबाला जन्मतः येत नव्हतं. आईलाही नव्हतं. दोघांनी ते मुलीजवळ तास घालवून मिळवलं.

हे तासच महत्त्वाचे आहेत, आणि त्याला आता विज्ञानाचाही आधार आहे. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांचा अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. विशी ओलांडलेल्या या तरुणांचं टेस्टोस्टेरॉन मोजलं आणि साडेचार वर्षांनी पुन्हा मोजलं. मधल्या काळात जे बाप झाले त्यांच्यात हे संप्रेरक इतरांपेक्षा बरंच खाली आलेलं दिसलं, आणि रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करणाऱ्या बापांत ते मुलाचं काहीच न करणाऱ्या बापांहूनही कमी होतं. २०१४ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी नव्यानं आई-बाप झालेल्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. त्यांत काही घरं अशी होती की तिथे आई नव्हती, दोन वडीलच बाळाला वाढवत होते. मुलाच्या काळजीनं, भीतीनं जो भाग आईच्या मेंदूत जागा होतो, तो या वडिलांच्या मेंदूतही आईइतकाच जागा झालेला आढळला. आईच मुख्यतः बाळ सांभाळते अशा घरांतल्या बापांमध्येही, जो मुलाला जास्त वेळ देतो त्याच्या मेंदूत या भागाची दुसऱ्या भागाशी जोडणी जास्त पक्की होती. सांभाळण्याचं काम ज्याच्याकडे येतं, त्याचं शरीर त्या कामासाठी घडत जातं. ‘पुरुषांना ते जमत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी या दोन अभ्यासांकडे एकदा नीट पाहावं.

आपल्याकडचं एक उदाहरण तर सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे की दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या धाकट्या दोन मुलांच्या वेळी दोन महिन्यांपुरती दाई ठेवली होती, ती मुख्यतः कस्तुरबांच्या मदतीसाठी. बाळांचं सगळं ते स्वतः करत. त्यासाठी त्यांनी डॉ. त्रिभुवनदास यांचं ‘माने शिखामण’ हे गुजराती पुस्तक अभ्यासलं होतं, म्हणजे आईला केलेला उपदेश एका बापानं मनावर घेतला. १९०० साली देवदास जन्मला तेव्हा वेळेवर कुणी हाताशी नव्हतं आणि बाळंतपणही गांधीजींनीच केलं. शाळेच्या पुस्तकातल्या गांधीजींमध्ये हे बाळ न्हाऊ घालणारे गांधीजी कुठेच भेटत नाहीत. ते भेटायला हवेत.

आजचं चित्र राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळवापराच्या पाहणीत दिसतं. २०२४ च्या पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया रोज घरातल्या कुणाची ना कुणाची देखभाल करतात, पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला १४० मिनिटं घालवतात, करणारे पुरुष ७४ मिनिटं. सव्वा तास! त्यात लेकराचं जेवणसुद्धा नीट होत नाही.

पण सगळा दोष पुरुषांच्या मनोवृत्तीवर ढकलून भागणार नाही. बापाला हे तास मिळावेत अशी सोयच आपण ठेवलेली नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, ती फार मोठी आणि गरजेची सुधारणा होती. त्याच दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा दिली, तीही फक्त आईला. बापाचा उल्लेख नाही. खासगी नोकरीतल्या बापाला रजा मिळालीच पाहिजे, असा देशव्यापी कायदाही आपल्याकडे नाही. केंद्र सरकारच्या सेवेत बापाला पंधरा दिवस मिळतात. तिथेच स्त्री कर्मचाऱ्याला पूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि २०१८ च्या अखेरीस ती एकल पुरुष पालकांनाही लागू झाली. म्हणजे विधुर, घटस्फोटित किंवा अविवाहित पालक पुरुष असेल तर तो मूल सांभाळू शकतो, हे नियमाला मान्य आहे. बायको हयात आणि सोबत असली की मात्र त्याच पुरुषाला पंधरा दिवस पुरतात. याला काय तर्क आहे?

पुण्यात नोकरी करणाऱ्या इंदूरच्या एका अविवाहित अभियंत्यानं डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला दत्तक घ्यायचं ठरवलं, तेव्हा एकट्या पालकासाठी तिशीची अट होती. तो मागे लागला, पत्रं लिहीत राहिला. २०१५ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांत ही अट पंचविशीवर आली आणि १ जानेवारी २०१६ ला बाळ त्याच्या घरी आलं. मूल वाढवता यावं म्हणून एक पुरुष एवढी यातायात करतो, हे आपल्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

महाराष्ट्रातला एक माणूसही इथे आठवायला हवा. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. पंधरा दिवसांची रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवायची तरतूद, आणि असंघटित क्षेत्रातल्या बापांचाही विचार. गवंडीकाम करणाऱ्या बापालाही बाळाजवळ बसता यावं, ही त्यातली कल्पना खरोखर दूरदृष्टीची होती. विधेयकाचा कायदा झाला नाही. सातव २०२१ मध्ये गेले. त्यांचा हा मसुदा कुणीतरी पुन्हा हाती घेण्याच्या योग्यतेचा आहे.

स्वीडननं आई-वडील दोघांना मिळून रजा १९७४ मध्येच दिली होती. ती बहुतेक आयाच घेत. मग १९९५ मध्ये एक महिना वेगळा काढला. वडिलांनी तो घेतला नाही तर तो वाया जाणार, आईला देता येणार नाही. २००२ मध्ये दुसरा महिना, २०१६ मध्ये तिसरा. आज ४८० दिवसांच्या रजेतले नव्वद दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत. नुसती संधी देऊन बाप घरी थांबले नाहीत. रजा त्यांच्या नावावर टाकली तेव्हा थांबू लागले.

आपल्याकडे या विषयावर मोठी चर्चा झाली ती क्रिकेटमुळे. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला आणि विराट कोहली आधी ठरल्याप्रमाणे पत्नीच्या बाळंतपणासाठी मायदेशी परतला. अशा वेळी कर्णधार जातो कसा, असं अनेकांना वाटलं. आपल्या अजिंक्य रहाणेनं सूत्रं हाती घेतली, मेलबर्नला शतक ठोकलं आणि मालिका २-१ अशी जिंकून दिली. संघ कर्णधाराशिवाय उभा राहिला. कुठलंही ऑफिस एखाद्या बापाशिवाय काही आठवडे उभं राहू शकतं.

कोथरूडच्या बाबाला रोज भेडसावणारे प्रश्न याहून लहान असतात. लसीकरणाच्या रांगेत त्याच्या हातात माता व बाल संरक्षण कार्ड असतं, बूस्टर कधीचा, जीवनसत्त्व ‘अ’चा पुढचा डोस कधी हे त्याला तोंडपाठ असतं, तरी पहिला प्रश्न येतो, “बाळाची आई नाही आली?” संध्याकाळी बागेत आयांचा आणि सांभाळणाऱ्या मावशींचा घोळका असतो. बाबा आला की गप्पा थोड्या आवरत्या घेतल्या जातात. कुणाच्या मनात वाईट नसतं, पण दिवसभर पावणेदोन वर्षांच्या माणसाशीच बोललेल्या त्याला मोठ्या माणसाचे चार शब्द हवे असतात. सोबत मिळायला बरेच महिने गेले. शेवटी एका आजींनीच, “अरे, इकडे येऊन बस की,” म्हणून बाकावर जागा करून दिली.

उलट बाजूही आहे. बाबानं डायपर बदलला की शेजारीपाजारी कौतुक होतं, आणि ऑफिसात आईला मात्र विचारलं जातं, “मुलीला सोडून कशी राहतेस गं?” हे कौतुक आणि हा प्रश्न दोन्ही अन्यायाचे आहेत. राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावणं सक्तीचं झालं. या लेकीच्या नावातही दोघं आहेत. निदान कागदावर तरी दोघं बरोबरीनं उभे आहेत, आणि याचा बाबाला मनापासून आनंद आहे.

सांगलीच्या प्रवासात वाटेतल्या एका स्थानकावर त्याला लेकीचे कपडे बदलायचे होते. एसटी स्थानकांवरचे हिरकणी कक्ष ही महाराष्ट्राची अभिमानाची गोष्ट आहे. ते स्तनदा मातांसाठी आहेत आणि तसेच राहिले पाहिजेत, तिथे पुरुषानं जाऊ नये. पण बापानं मग कुठे जावं? त्यानं बाकावर दुपटं अंथरलं आणि एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं सगळं उरकलं. अमेरिकेत २०१६ मध्ये कायदाच झाला की जनतेसाठी खुल्या असलेल्या केंद्र सरकारच्या इमारतींत बाळाचे कपडे बदलायची फळी स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या, दोन्ही स्वच्छतागृहांत असावी. भिंतीला बिजागरीनं लावलेली एक फळी, यापलीकडे त्यात काही नाही.

जूनमध्ये लेक खेळवाडीत जाईल आणि बाबा पुन्हा नोकरी शोधू लागेल. मधल्या काळात काय केलं, हे मुलाखतीत विचारलं जाईलच. तो खरं तेच सांगणार आहे. झोमॅटोनं २०१९ मध्ये पुरुष कर्मचाऱ्यांनाही २६ आठवड्यांची रजा देऊ केली, आणखीही काही मोजक्या कंपन्यांनी पाऊल पुढे टाकलं आहे. बाबाच्या जुन्या कंपनीत बापाची रजा जेमतेम आठवडाभराची होती. सातवांच्या विधेयकातले तीन महिने हाती असते तर आईपाठोपाठ त्यानं ते घेतले असते, मूल पाळणाघरात रुळण्याइतकं मोठं झालं असतं आणि राजीनाम्याची वेळ आली नसती, असं आईचं म्हणणं आहे.