गाव सोडले की मदतही सुटते

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते. त्याच दिवसांत नांदेडकडची दुष्काळग्रस्त कुटुंबे घाटकोपरच्या भटवाडीतल्या मैदानात बांबू-प्लास्टिकच्या आडोशाला राहत होती आणि नाक्यावर मिळेल ते बिगारीकाम करत होती. सरकारदरबारी दुष्काळ होता तो त्यांच्या तालुक्यात. पिकाची पैसेवारी गावाची निघते, टँकर गावाला जातो, रोजगार हमीचे जॉबकार्डही ग्रामपंचायतीचे. गाव सोडले की हे सगळे मागे राहते आणि मुंबईत तोच माणूस केवळ अतिक्रमण करणारा ठरतो. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदाही कंत्राटदारामार्फत परराज्यातून येणाऱ्यांपुरताच होता. मराठवाड्यातून आपणहून आलेला मजूर त्यात बसतच नव्हता.

शहरात पुनर्वसनाचा हक्क ठरतो तो झोपडीच्या तारखेवर. पुरावा नसलेल्याच्या वाट्याला येतो डोंगरउतार, नाल्याचा काठ किंवा एखाद्या भिंतीचा पायथा. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरडीखाली साठहून अधिक माणसे गेली. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात पालिकेच्या जलाशयाची भिंत वस्तीवर कोसळली. तिथल्या वनजमिनीवरच्या अनेकांचे पुनर्वसन १९९७ च्या न्यायालयीन आदेशानंतरही रखडले होते. या वस्त्यांतले सारे दुष्काळाने आलेले होते असे नाही. पण दुष्काळाने आलेल्यालाही राहायला जागा मिळते ती अशीच, म्हणजे कोरड्या आभाळाखालून उठून अतिवृष्टीच्या तोंडी.

अशा लोकांची शहरात सोय केली तर लोंढे वाढतील, हा आक्षेप जुना आहे. परंतु झोपडीच्या पात्रतेची तारीख १९९५ वरून २०००, मग २०११ वर सरकली, तरी माणसे यायची थांबली नाहीत. त्यांना थोपवू शकते ते गावाजवळचे काम. १९७२ च्या दुष्काळाने ते दाखवले आणि १९७७ मध्ये त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. लोक मजुरीसाठी येतात, त्याला हवामानाचे नाव कशाला, असेही म्हटले जाते. मजुरीसाठी येतात हे खरेच. पण विहीर आटली, पेरणी वाया गेली की निघण्याची वेळ त्यांच्या हातात राहत नाही. रेशनकार्ड आता गावाबाहेरही चालते. मग दुष्काळी तालुक्याच्या दाखल्यावर मुंबईत तात्पुरता निवारा, पाणी आणि मुलांना शाळा का मिळू नये? खरिपाचा दुष्काळ साधारण ऑक्टोबरअखेर जाहीर होतो, उन्हाळा त्यानंतर काही महिन्यांनी लागतो. शासनाने त्या घोषणेबरोबरच उपनगरांतली सुरक्षित मैदाने, नळ आणि शौचालये ठरवून द्यावीत.