एका गाण्याने दुष्काळ हटतो का? पत्रकार ते रॉकस्टार ते 'लाइव्ह एड', बॉब गेल्डॉफची गोष्ट

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सिनेमा पाहिला असेल, तर त्याचा शेवट नक्की आठवत असेल. लंडनचं वेम्बली स्टेडियम, ७२ हजारांची गर्दी आणि पांढऱ्या बनियनमधला फ्रेडी मर्क्युरी. आपल्या पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत शिकलेला हा फारोख बुलसारा त्या दिवशी २१ मिनिटांत अख्खा कार्यक्रम खिशात घालतो. त्याचे रील्स आजही फिरत असतात.

तारीख होती १३ जुलै १९८५ आणि कार्यक्रम होता 'लाइव्ह एड'. इथिओपियातल्या दुष्काळासाठी पैसा उभा करणं हा त्याचा उद्देश. तो भरवणाऱ्या माणसाचं नाव बॉब गेल्डॉफ. एकेकाळचा पत्रकार.

कोणी त्याला देवमाणूस म्हणतं, तर कोणी म्हणतं, याने आफ्रिकेला जगासमोर कायमचं भिकारी करून ठेवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या गाजलेल्या गाण्याची ४० वर्षांनिमित्त नवी आवृत्ती आली, तेव्हा एड शीरननेच इन्स्टाग्रामवर सांगितलं की, माझा २०१४ चा आवाज वापरण्याआधी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नकार दिला असता.

मग खरं काय? सुरुवातीपासून पाहू.

बातमीतून गाणं

गेल्डॉफचा जन्म १९५१ चा, आयर्लंडमधल्या डब्लिनजवळचा. आई लहानपणीच गेली. शाळेनंतर त्याने मिळेल ते काम केलं. कत्तलखान्यात राबला, रस्त्याच्या कामावर गेला, वाटाणे डबाबंद करणाऱ्या कारखान्यातही होता. मग कॅनडात व्हँकुव्हरला 'जॉर्जिया स्ट्रेट' या साप्ताहिकात तो संगीतावर लिहू लागला. १९७५ मध्ये आयर्लंडला परतल्यावर 'बूमटाउन रॅट्स' हा बँड सुरू झाला. १९७८ मध्ये त्यांचं 'रॅट ट्रॅप' ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं.

त्याच्यातला पत्रकार मात्र सुटला नव्हता. जानेवारी १९७९ मध्ये तो अमेरिकेत एका विद्यापीठाच्या रेडिओ स्टेशनवर मुलाखत देत होता. शेजारच्या टेलेक्स मशीनवर बातमी आली: सॅन दिएगोत १६ वर्षांच्या मुलीने घरातून समोरच्या शाळेवर गोळीबार केलाय. एका पत्रकाराने तिला फोनवर कारण विचारलं, तर ती म्हणाली की तिला सोमवार आवडत नाही. त्या उत्तरातून 'आय डोन्ट लाइक मंडेज' हे गाणं आलं आणि तेही पहिल्या नंबरवर गेलं.

मग १९८४ उजाडलं

२३ ऑक्टोबर १९८४ ला बीबीसीवर इथिओपियाच्या कोरेममधून मायकल ब्युर्क यांचं वार्तांकन दाखवलं गेलं. कॅमेरा केनियाचे मोहम्मद अमीन यांचा. अन्नाच्या आशेने जमलेले हजारो लोक आणि कापडात गुंडाळलेली प्रेतं. गेल्डॉफने ते घरी टीव्हीवर पाहिलं.

त्याने मिज युअर या मित्रासोबत गाणं लिहिलं, 'डू दे नो इट्स ख्रिसमस?'. ब्रिटनचे त्यावेळचे स्टार गोळा केले आणि २५ नोव्हेंबरला एका दिवसात रेकॉर्डिंग उरकलं. या मंडळींचं नाव 'बँड एड'. त्या ख्रिसमसला गाणं पहिल्या नंबरवर होतं आणि वर्षभरात ८० लाख पौंड जमले. मार्गारेट थॅचर यांचं सरकार त्यावर कर माफ करायला तयार नव्हतं. गेल्डॉफ जाहीरपणे भांडला आणि शेवटी सरकारने तेवढी रक्कम दान म्हणून परत दिली.

पुढच्या जुलैत 'लाइव्ह एड' झालं. लंडन आणि फिलाडेल्फिया अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी. सुमारे १५० देशांत प्रक्षेपण झालं आणि १९० कोटी लोकांनी ते पाहिल्याचा अंदाज सांगितला जातो.

मग राग कशाचा?

पहिला आक्षेप गाण्याच्या शब्दांवर. जिथे काही उगवत नाही, पाणी वाहत नाही असा प्रदेश, असं चित्र गाणं आफ्रिकेचं रंगवतं. पण निळी नाईल नदी इथिओपियातच उगम पावते. आणि 'त्यांना ख्रिसमस आहे हे तरी ठाऊक आहे का' हा प्रश्न ज्या देशाबद्दल, तिथे चौथ्या शतकापासून ख्रिश्चन धर्म आहे. त्यांचा ख्रिसमस ७ जानेवारीला असतो, एवढंच. घानाच्या मुळाचा ब्रिटिश गायक फ्यूज ओडीजी याने २०१४ मध्येच या गाण्याला नकार दिला होता. शीरनने २०२४ मध्ये त्याचंच म्हणणं शेअर केलं.

गेल्डॉफचं उत्तर साधारण असं: या छोट्याशा पॉप गाण्यामुळे लाखो माणसं जगली, त्यापुढे शब्दांची चर्चा फिजूल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पत्रकारितेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सहा ककार शिकवतात: काय, कोण, कुठे, कधी, कसं आणि का. १९८४ च्या सगळ्या गदारोळात शेवटचा ककार हरवला होता. दुष्काळ पडला का?

पाऊस कमी झाला होता, हे खरंच. पण इथिओपियात मेंगिस्तु हैले मरियमची लष्करी राजवट होती, उत्तरेत तिग्राय आणि एरिट्रियात युद्ध सुरू होतं आणि सरकार बंडखोरांच्या भागाची अन्नकोंडी करत होतं. उत्तरेतल्या सुमारे ६ लाख लोकांना उचलून दक्षिणेत वसवलं गेलं, अनेकांना बळजबरीने. त्यावर बोलणाऱ्या 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या फ्रेंच शाखेला डिसेंबर १९८५ मध्ये देशाबाहेर काढलं गेलं. गेल्डॉफची भूमिका होती की, उपाशी माणसापर्यंत पोचायला सैतानाशी हात मिळवावा लागला तरी चालेल.

पाऊस पडला नाही म्हणून लाखो माणसं मरत नाहीत, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी पाहिलाय. हाल प्रचंड झाले, पण मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख लोक सरकारी दुष्काळी कामांवर होते, हातात मजुरी येत होती, म्हणून भूकबळींचा डोंगर उभा राहिला नाही. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात हेच मांडलं होतं: उपासमार अन्न नसल्याने कमी आणि अन्न मिळवण्याची ऐपत व हक्क नसल्याने जास्त होते.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बँड एडचा पैसा बंडखोरांच्या शस्त्रांवर गेला, असं आजही फॉरवर्ड होतं. २०१० मध्ये बीबीसीच्या वृत्तामुळे तसा समज पसरला होता, पण त्याला पुरावा नसल्याचं मान्य करून बीबीसीने त्याच वर्षी माफी मागितली.

'का' सापडला, पण उशिरा

गेल्डॉफ तिथेच थांबला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. जुलै २००५ मध्ये त्याने 'लाइव्ह ८' भरवलं, तेव्हा लोकांकडे पैसे मागितलेच नाहीत. मागणी थेट जी-८ देशांच्या नेत्यांकडे होती: गरीब देशांची कर्जं माफ करा, मदत वाढवा. कर्जमाफी झाली, मदतीची आश्वासनं मात्र पूर्ण पाळली गेली नाहीत. लंडनच्या मुख्य मंचावर आफ्रिकन कलाकार जवळपास नव्हतेच, ही टीकाही रास्त होती.

आज याचं काय?

आता आकडे पाहू. बँड एड ट्रस्टने ४० वर्षांत १४ कोटी पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. ब्रिटन सरकारची एका वर्षाची परदेशी मदत (२०२४) होती सुमारे १,४०० कोटी पौंड. म्हणजे इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या दानमोहिमेची ४० वर्षांची कमाई सरकारच्या एका वर्षाच्या खर्चाच्या जेमतेम १ टक्का. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनने ही मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. त्याच वर्षी ट्रम्प सरकारने 'यूएसएड' बंद केली. जुलै २०२५ मध्ये 'लाइव्ह एड'ची चाळिशी साजरी होत होती, तेव्हा गावोगावचे दवाखाने आणि अन्नवाटप केंद्रं निधीअभावी बंद पडत होती. ही तूट कितीही मोठ्या कॉन्सर्टने भरून निघणार नाही.

म्हणून गेल्डॉफ हिरो की व्हिलन, या वादात फारसा अर्थ नाही. त्याने एका बातमीवर जगाला रडवलं आणि खिशात हात घालायला लावला. त्यातून जीव वाचले, हे नाकारता येत नाही. पण त्या गाण्याने एक सवयही लावली: दुष्काळ म्हटलं की आभाळाकडे बघायचं, सरकारकडे नाही.

पुढच्या वेळी स्क्रोल करताना उपाशी बाळाचा फोटो आणि खाली क्यूआर कोड दिसला, तर ऐपतीप्रमाणे पैसे जरूर पाठवा, पण खात्री करून. आणि सोबत सहावा ककार विचारा. हे बाळ उपाशी का आहे? त्याचं उत्तर देणं ज्यांचं काम आहे, त्यांना तो प्रश्न सहसा आवडत नाही.