बिलातला पंक्तिप्रपंच

मित्रमंडळींसह इटालियन उपाहारगृहात जाण्याविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात अस्सलपणाची चर्चा फार असते. कार्बोनारात क्रीम घालावे की नाही, यावर रोम न पाहिलेलेही हिरिरीने भांडतात. १९५४ साली इटलीच्याच ‘ला कुचिना इतालियाना’ या मासिकाने छापलेल्या कार्बोनाराच्या कृतीत लसूण आणि ग्रुयेर हे स्विस चीज होते, एवढे सांगितले तरी हा वाद निम्मा मिटावा. आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो जेवणानंतरचा प्रश्न : बिल कोणी आणि कसे भरायचे?

इटालियन भाषेत ‘आल्ला रोमाना’, म्हणजे रोमन रीतीने, पैसे देणे असा वाक्प्रचार आहे. एकूण रकमेला माणसांच्या संख्येने भागणे, असा त्याचा सहसा अर्थ होतो. मराठी तरुणांनी रूढ केलेले ‘टीटीएमएम’, अर्थात ‘तुझे तू, माझे मी’, हे याच्या नेमके उलट. गंमत अशी, की तोंडाने टीटीएमएम म्हणणारी आपली मंडळी इटालियन टेबलावर बसली की बहुधा रोमन होतात. सगळ्यांनी सगळे चाखले, मग हिशेब कसला, असा युक्तिवाद केला जातो.

परंतु सगळ्यांनी सगळे चाखलेले नसते. इटालियन जेवणाची रचनाच पायऱ्यांची आहे : आधी अँटिपास्टी, मग पास्ता किंवा रिझोटो, त्यानंतर मांस वा मासळी, शेवटी गोड पदार्थ, आणि सोबतीला वाइन. ज्याला परवडते तो सगळ्या पायऱ्या चढतो. ज्याला परवडत नाही तो ‘फारशी भूक नाही’ म्हणत सूपवर थांबतो. शाकाहारी आणि मद्य न घेणारे बहुधा दुसऱ्या पायरीवरच राहतात. वाटा मात्र सर्वांचा सारखा. पंगतीत एकाला तूप वाढून दुसऱ्याला टाळणे, याला आपण पंक्तिप्रपंच म्हणत आलो. ताटात भेद आणि वसुलीत समता, हा त्याचा नवा अवतार होय.

उपाहारगृहातली विषमता व्हित्तोरिओ दे सिका यांनी ‘बायसिकल थीव्ज’मध्ये (१९४८) दाखवली आहे. सायकल चोरीला गेलेला बाप मुलाला घेऊन खानावळीत जातो. मोझारेला घालून तळलेला पाव खाताना मुलाची नजर शेजारच्या टेबलावरील श्रीमंत मुलाकडे वळत राहते. मग बाप हातची गेलेली मिळकत सांगू लागतो आणि मुलगा तिचे आकडे कागदावर मांडतो. तिथे निदान दोन वर्गांची टेबले वेगळी होती. मित्रांचे टेबल एकच असते. म्हणून आकडे मनातल्या मनात मांडावे लागतात.

यावर तोडगाही इटलीतच सापडतो. दे सिकांच्याच ‘लोरो दी नापोली’त (१९५४) सोफिया लॉरेन विकते तो पिझ्झा आज खाऊन आठ दिवसांनी पैसे द्यायच्या बोलीचा असतो. त्याच नेपल्समध्ये ‘काफे सोस्पेझो’ची प्रथा आहे. गिऱ्हाईक दोन कॉफींचे पैसे देऊन एकच पिते. दुसरी मागाहून येणाऱ्या गरजूसाठी राखली जाते. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

आमचा आग्रह या मान खाली घालावी न लागण्यापुरता आहे. जुन्या पंगतींचे गोडवे आम्ही गात नाही. त्या जातीनुसार वेगळ्या बसत, हे विसरता येत नाही. पण ‘मित्रांत हिशेब कसला’ हे वाक्य बहुधा वाइन घेतलेलाच उच्चारतो. सूप घेतलेल्याला ते खोडायचे, तर आपली ऐपत चारचौघांत उघडी करावी लागते. म्हणून बोलण्याची जबाबदारी अधिक खाणाऱ्याची आहे. ‘ज्याचे त्याने’ किंवा ‘वाइन माझ्याकडे’ हे त्याने ऑर्डर देण्यापूर्वीच म्हणावे. मोबाइलवरून अचूक रक्कम क्षणात पाठवता येते. सुट्ट्या पैशांची सबब आता उरलेली नाही.

एखादा मित्र हल्ली बोलावूनही येत नसेल, तर त्याला पास्ता आवडत नसावा असे समजण्याआधी मागचे बिल आठवून पाहावे.