तालमीच्या उंबऱ्याशी



वर्तमानपत्रात आमच्या बीड जिल्ह्याचं नाव येतं ते बहुधा दुष्काळासाठी, ऊसतोडीसाठी, नाहीतर गर्भातच मारलेल्या मुलींसाठी. म्हणून पाटोद्याच्या राहुल आवारेने एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात, गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचं सुवर्णपदक मिळवलं तेव्हा जिल्ह्याला झालेला आनंद मी समजू शकते. पुढच्या वर्षी नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात त्याने ब्राँझ मिळवलं. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, पोलीस खात्यात उपअधीक्षकपद मिळालं. बालाघाटाच्या डोंगरातल्या एका कोरडवाहू तालुक्यातला मुलगा इथवर गेला. त्याच्या कष्टात मला काहीही उणं काढायचं नाही. पण हा सगळा प्रवास बाईच्या नजरेने एकदा बघावा असं कुस्तीवरच्या कौतुकाच्या लेखांत कुणाला वाटत नाही, म्हणून हे संपादकीय.

पैलवान एकट्याच्या बळावर घडत नाही. राहुलचे वडील स्वतः कुस्ती खेळलेले, त्यामुळे घरातच पहिला वस्ताद. पुढे पुण्याची गोकुळ वस्ताद तालीम आणि तिथे रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांसारखा गुरू. २०११ मध्ये बिराजदार गेल्यावर काका पवारांनी त्याला हाताशी धरलं. हे दोघेही गुरू शेजारच्या लातूर जिल्ह्यातले, म्हणजे मराठवाड्याच्या मुलाला पुण्यात मराठवाड्याचाच आधार मिळाला. असा आधार मिळाला की बाकीचं जमत जातं. तालमीत राहायची सोय, पहाटे उठवणारं कुणीतरी, जोर-बैठकांना आणि लढतीला जोडीदार. गावाकडून येणारं तूप आणि बदाम. जत्रेच्या फडात इनामी कुस्ती मारली की खुराकाला चार पैसे. आणि सत्ताविशीपर्यंत मुलगा फक्त खेळतोय हे घराला, भावकीला, गावाला चालणं! ही शेवटची गोष्ट कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. खरं तर सगळ्यात महाग तीच आहे.

आता त्याच पाटोद्यातली, त्याच वयाची, तशीच चपळ एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. यातल्या कोणत्या पायरीवर ती गळते?

पहिली गळती जन्माआधीच. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, महाराष्ट्रात सगळ्यात कमी. जी जन्मली ती दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्याच्या कोप्यांवर जाते, धाकट्या भावंडाला सांभाळते, भाकरी थापते. किंवा गावात आजीजवळ राहते आणि ‘वयात आलेली पोर घरात कुणाच्या भरवशावर ठेवायची’ म्हणून तिचं लग्न उरकतात. लग्न झालं की नवरा-बायकोचा मिळून एक कोयता होतो आणि मुकादमाकडून उचल मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आमच्या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर दहा जणींपैकी चारांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली. राहुलला आशियाई स्पर्धेतलं ब्राँझ मिळालं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आमच्या भागात त्या वयाच्या कितीतरी पोरींच्या कडेवर मूल असतं.

समजा, यातूनही एखादी सुटली. बाप हौशी निघाला. तरी तालमीचा उंबरा आहेच. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवतात, तिची पूजा करतात, समोर मारुती असतो. मारुती ब्रह्मचारी, म्हणून बाईने आत यायचं नाही. मासिक पाळीचा विटाळ हे न बोललेलं कारण. गंमत अशी की त्या मातीत ओतलेलं ताक कुणा बाईनेच घुसळलेलं असतं आणि पैलवानाचं दूधतूपही तिनेच राखलेलं असतं. वाड्यावस्त्यांवरच्या बैठकांमध्ये मी बायांना विचारते, घरात दूध कुणाला? उत्तर द्यायच्या आधी त्या हसतात. दूध डेअरीला जातं, उरलं तर मुलाला. मुलीला चहापुरतं.

आणि कान. कुस्ती खेळून खेळून पैलवानाचा कान मोडतो, चुरगळल्यासारखा होतो. पुरुषाला तो दागिना. तेवढ्यावरून बाजारात लोक ओळखतात, वाट देतात. मुलीचा कान मोडला तर आईला पहिली काळजी पडते, ‘हिला दाखवायची कशी?’ शरीर तेच, खेळ तोच, खूणही तीच. एकाची किंमत त्या खुणेने वाढते, दुसरीची उतरते.

बायकांनी कुस्ती खेळणं हे नवं फॅड आहे असं मानणाऱ्यांना हमीदा बानूचं नाव सांगायला हवं. उत्तर प्रदेशातून आलेल्या या बाईने १९४० आणि ५० च्या दशकांत पुरुष पैलवानांशी कुस्त्या केल्या. मे १९५४ मध्ये बडोद्यात तिने बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत पाडलं. आपल्या महाराष्ट्राने तिला काय दिलं? कोल्हापुरात तिने पुरुषाला हरवलं म्हणून लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. ती परदेशी खेळायला जायला निघाली तेव्हा तिला घडवणाऱ्या माणसानेच मारहाण करून तिचे हात मोडले, असं तिच्या कुटुंबीयांनी पुढे सांगितलं. उरलेलं आयुष्य तिने कल्याणला दूध विकून काढलं.

पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून भरते आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी भरली मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. मधे बासष्ट वर्षं गेली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली. अंतिम लढतीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, आणि ती कल्याणची, हे वाचून मला बरं वाटलं.

पण त्याच वर्षी दिल्लीत काय चाललं होतं? विनेश फोगाट आणि साक्षी मलिकसारख्या, देशाला पदकं मिळवून देणाऱ्या मुली जानेवारीत जंतरमंतरवर बसल्या. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले. गुन्हा दाखल व्हायला २८ एप्रिल उजाडला, तोही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. २८ मे रोजी याच मुलींना पोलिसांनी रस्त्यावरून फरफटत नेलं. सिंह यांनी आरोप नाकारले आहेत. सहा तक्रारदारांपैकी पाच जणींच्या तक्रारींवर न्यायालयाने मे २०२४ मध्ये आरोप निश्चित केले, तर अल्पवयीन मुलीच्या तक्रारीवरचं प्रकरण २०२५ मध्ये बंद झालं. खटल्याचा निकाल काय लागायचा तो लागो. साक्षीने मात्र डिसेंबर २०२३ मध्येच पत्रकारांसमोर बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली.

महासंघाच्या मर्जीचा फटका पुरुषांनाही बसतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या पात्रता फेऱ्यांना राहुलला डावलून संदीप तोमरला पाठवलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला होता! झाला ते योग्यच. पण राहुलच्या बाजूने बोलताना कुणाला त्याच्या चारित्र्याचा दाखला मागावासा वाटला नाही. दिल्लीतल्या मुलींच्या बाबतीत पहिला प्रश्न निघाला तो ‘इतकी वर्षं गप्प का होत्या?’ असा. ज्याच्या हाती निवड, ज्याच्या हाती सरावशिबिर, त्याच्याविरुद्ध सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने तोंड उघडायचं म्हणजे खेळावर पाणी सोडायचं, आणि घरी कळलं तर परत गावी येऊन बोहल्यावर चढायचं. आमच्याकडच्या मुलीला ही दुसरी शिक्षा पहिलीपेक्षा मोठी वाटते, हे शहरातल्या प्रश्नकर्त्यांना ठाऊक नसतं.

२०१३ च्या कायद्यात ‘कामाची जागा’ या व्याख्येत क्रीडासंस्था, मैदानं, सरावाची ठिकाणंही येतात. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. गावातल्या तालमीत तक्रार ऐकायला कोण, याचं उत्तर कायद्याच्या कागदावर आहे. पण मुलीला ते सांगणारं कुणी नाही, आणि वस्तादालाही नाही.

हे सगळं मांडल्यावर बैठकीत एखादी मैत्रीण हटकून विचारते, ‘अगं, इथे प्यायला पाणी नाही आणि तू कुस्तीचं काय घेऊन बसलीस?’ प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक मुलीने पैलवान व्हावं असं नाहीच. पण आपलं अंग फक्त राबायला, बाळंत व्हायला आणि जिल्ह्यात घडलं तसं कामाचे खाडे नकोत म्हणून गर्भपिशवी काढून टाकायला आहे, याखेरीज दुसरं काही जिने कधी ऐकलंच नाही, तिने ते अंग ताकदीसाठी, मजेसाठी, समोरचीला चीतपट करण्यासाठी वापरून पाहावं. तेवढी जागा तिला गावात असावी.

म्हणून पुढच्या अंकाआधी एक काम करू या. आपापल्या तालुक्यात तालमी किती, त्यातल्या कितींमध्ये मुलींना आत घेतात, कोणत्या वेळी, शिकवणारी बाई आहे का, कपडे बदलायला आडोसा आणि संडास आहे का, जत्रेत मुलींची कुस्ती लावतात का आणि लावली तर इनाम मुलांइतकंच देतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. एकटी जाऊ नका, दोघी-तिघी जा. उंबऱ्याबाहेरच अडवलं तर तेही लिहा, कोणत्या शब्दांत अडवलं तेही लिहा. पाटोदा, आष्टी आणि शिरूर कासारच्या मैत्रिणींनी ऊसतोडीच्या टोळ्या गावातून हलायच्या आत ही नोंद करावी. नंतर मुली गावात भेटणार नाहीत.